कारणाचा रकाना

एप्रिलच्या शेवटी आम्ही लातूर सोडून पुण्यात आलो. नवऱ्याला रांजणगावच्या एका कारखान्यात काम मिळालं होतं. वाघोलीत दोन खोल्या घेतल्या, अकरा महिन्यांचा करार झाला, तीस हजार डिपॉझिट गेलं. मुलीचा सहावीचा प्रवेश झाला, गॅसचं कनेक्शन बदलून झालं. मग तिसऱ्या रविवारी मी एक प्लॅस्टिकची फाइल घेऊन कोथरूडला आत्याकडे निघाले. वाघोलीहून बसने रामवाडी आणि तिथून मेट्रो. फाइलमध्ये बारावीचं गुणपत्रक, बी.ए.च्या पहिल्या वर्षाचं गुणपत्रक, आधार कार्ड आणि लग्नाचा दाखला एवढंच होतं. 2011 मध्ये दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला न बसताच माझं शिक्षण थांबलं होतं. चौदा वर्षांनी मला परत कॉलेजात जायचं होतं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. पुण्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात तिने एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली निम्मी परीक्षा विभागात. फाइल बघून तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं. तिने कागद मोजले, पुन्हा फाइलमध्ये सरकवले आणि फाइल टीपॉयवर ठेवली. त्या दुपारी आमचं जे बोलणं झालं आणि महिन्याभराने जे झालं, ते जमेल तितकं जसंच्या तसं लिहिते आहे. आमच्या इमारतीत माझ्यासारख्या, गाव सोडून आलेल्या आणि शिक्षण अर्ध्यावर राहिलेल्या आणखी तिघीजणी आहेत. त्यांच्याही हे उपयोगी पडावं.

आत्या : यंदा नको.

मी : का गं?

आत्या : अजून तुला वाघोलीत दूधवाला धड मिळालेला नाही. नवऱ्याची नोकरी नवी, त्यात शिफ्ट. पोरीची शाळा नवी. आधी वर्षभर पाय रोव. शहर कळू दे, शेजार कळू दे, महिन्याचा खर्च कळू दे. पुढच्या जूनला मी स्वतः तुझ्याबरोबर येते.

मी : पुढचा जून येत नाही, आत्या. लातूरला असताना मी दर वर्षी हेच म्हटलं. मुलगी अंगावरची सुटली की, ती शाळेत जायला लागली की, सासूबाईंच्या गुडघ्याचं झालं की. प्रत्येक कारण खरं होतं. चौदा वर्षं खऱ्या कारणांतच गेली.

आत्या : मग आताची कारणं काय खोटी आहेत?

मी : नाहीत. पण आता एक गोष्ट वेगळी आहे. नव्या घरात सामान लावताना बघ, पहिल्या आठवड्यात साखरेचा डबा जिथे ठेवतो तिथेच तो पुढची दहा वर्षं राहतो. मग गैरसोय झाली तरी हात तिकडेच जातो. लातूरच्या घरात माझ्या दिवसाचा एकेक तास कुणाचा ना कुणाचा ठरलेला होता. इथे अजून काही ठरलेलं नाही. माझ्या अभ्यासाला फळीवर जागा करायची तर ती याच दिवसांत. वर्षभराने फळी भरलेली असेल.

आत्या यावर लगेच बोलली नाही. उठून चहाचं आधण ठेवलं आणि स्वयंपाकघरातूनच बोलू लागली.

आत्या : तुला वाटतंय मी शिक्षणाच्या विरोधात आहे. तसं नाही. मी काय पाहिलंय ते ऐक. जूनमध्ये तुझ्यासारख्या बायका यायच्या. हातात फाइल, साडीला पिन, चेहऱ्यावर उजेड. सगळं ऑफिस त्यांचं कौतुक करायचं. प्राचार्य स्वतः उठून अभिनंदन करायचे. मग दिवाळीच्या आसपास परीक्षेचे फॉर्म निघायचे. माझ्या खिडकीसमोर रांग लागायची, आणि त्या रांगेत त्या बायका नसायच्या. कुणाकडे गणपतीत पाहुणे आले, कुणाची हजेरी कमी पडली, कुणाच्या सासऱ्यांना ॲडमिट केलं. शेवटच्या तारखेपर्यंत मी वाट बघायचे. विलंब शुल्काच्या तारखेपर्यंतही बघायचे.

मी : सगळ्याच गळायच्या?

आत्या : सगळ्या नाही. पण ज्या गळायच्या, त्या तिसऱ्यांदा आल्या नाहीत. पहिल्यांदा शिक्षण सुटतं तेव्हा माणूस परिस्थितीला दोष देतो. दुसऱ्यांदा सुटलं की स्वतःला देतो. मला भीती त्या दुसऱ्या वेळेची आहे.

हे मला लागलं, कारण त्यात तथ्य होतं. परत शिकायला निघालेल्या माणसाला सगळे धीर देतात. पुन्हा सुटलं तर काय, हे कुणी बोलत नाही. मी विषय कागदांकडे नेला. तिथे तरी तिचं उत्तर सोपं असेल असं वाटलं.

मी : पहिलं वर्ष माझं पास आहे. एकोणसाठ टक्के. म्हणजे थेट दुसऱ्या वर्षाला बसता येईल ना?

आत्या : ते धरून चालू नकोस. कोर्स किती वर्षांत संपवायचा याला मुदत असते, आणि मधल्या काळात सगळा अभ्यासक्रमच बदललाय. तुझं नांदेडचं विद्यापीठ, हे पुण्याचं. आता नव्या शैक्षणिक धोरणाची चार वर्षांची रचना आली आहे. क्रेडिट मोजतात. 2021 पासून क्रेडिट्सची बँक आहे. विद्यार्थ्याने मिळवलेली क्रेडिट्स तिथे जमा होतात, मध्येच सोडलं तर नंतर वापरता येतात. पण तीही सात वर्षांपर्यंतच. तुझं पहिलं वर्ष त्या बँकेच्या कितीतरी आधीचं. तुझा पाया म्हणजे बारावीचं गुणपत्रक. पहिल्यापासून सुरुवात करायची तयारी ठेव.

मी : म्हणजे अठरा वर्षांच्या मुलींबरोबर.

आत्या : हो. आणि नावाचं बघ. गुणपत्रकावर वडिलांचं नाव, आधारवर नवऱ्याचं. कॉलेज बारावीवरचं नाव धरणार, आणि क्रेडिटच्या बँकेचं खातं उघडायला आधार लागणार. दोन नावांची एकच बाई आहेस, हे तुला प्रत्येक खिडकीवर सांगावं लागेल. लग्नाच्या दाखल्याच्या पाच झेरॉक्स काढून ठेव. जुन्या कॉलेजातून टीसी आण. जुन्या विद्यापीठाचं मायग्रेशन आण. मधल्या वर्षांचं गॅप सर्टिफिकेट कर, ते नोटरीकडे प्रतिज्ञापत्रावर होतं.

मी : फीचं? मुलींना फी माफ झाली म्हणतात.

आत्या : तो जुलै 2024 चा निर्णय व्यावसायिक कोर्सचा आहे. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून जाणाऱ्या मुलींसाठी, आठ लाखांच्या आतलं उत्पन्न असेल तर. बी.ए. त्यात येत नाही. पण अनुदानित कॉलेजात बी.ए.ची फी तशी फार नसते. तुझा खर्च फी नाही. तुझा खर्च म्हणजे जाण्यायेण्याचे तास.

मग तिने तिसरा मार्ग काढला, आणि इथे आमचं खरं वाजलं.

आत्या : इतकं करण्यापेक्षा मुक्त विद्यापीठात नाव घाल. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून तुझ्यासारख्यांसाठीच उभं आहे. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्यांचं ब्रीद उगाच नाही. पुस्तकं मिळतात, अभ्यास घरी करायचा, परीक्षेला जायचं. पदवीला पूर्ण मान्यता. पोलीस, कंडक्टर, अंगणवाडीसेविका, किती जण त्यातून पदवीधर झाले.

मी : मला त्या विद्यापीठाबद्दल आदरच आहे. ज्यांना घर सोडताच येत नाही, त्यांच्या दारात ते गेलं. पण आत्या, माझ्या घरी पुस्तक आलं तर ते ओट्यावर येणार. मला वर्गात बसायचंय. शेजारच्या बाकावरची मुलगी कुठल्या ओळीखाली रेघ मारते ते बघायचंय. प्रश्न विचारायचाय, तो चुकला तर सगळ्यांसमोर चुकायचंय. चौदा वर्षांत माझ्या चुका फक्त भाजीच्या निघाल्या. विचारात माझं काही चुकलं, असं मला कुणी म्हटलेलं नाही, कारण विचार कुणी विचारलाच नाही.

आत्या : वर्ग हवा तर पंचाहत्तर टक्के हजेरी आली.

मी : येऊ दे. ज्या विद्यापीठाच्या पाटीवर 2014 पासून सावित्रीबाईंचं नाव आहे, त्या सावित्रीबाईही लग्नानंतरच शिकल्या. हिंगण्याच्या पार्वतीबाई आठवले विधवा होत्या, पदरात मुलगा होता, मग शिकायला लागल्या. चाळिशी उलटल्यावर इंग्रजी शिकायचं म्हणून अमेरिकेला गेल्या, तिथे लोकांच्या घरी कामं केली. माझं तर नुसतं वाघोलीहून बसने जायचं आहे.

आत्या : नावं घेतलीस, मग पूर्ण घे. सावित्रीबाईंना शिकवायला जोतिराव घरात होते. पार्वतीबाईंच्या मागे धोंडो केशव कर्व्यांनी 1896 मध्ये काढलेला आश्रम होता, सख्खी बहीण बाया कर्वे होती. त्या बाईंच्या जिद्दीला तोड नाही, पण जिद्दीच्या पाठीला भिंत होती. तुझ्या मागे कोण आहे ते सांग. जावई काय म्हणाले?

मी : म्हणाले, जमत असेल तर बघ.

आत्या : जमत असेल तर! म्हणजे माझ्या डब्याला धक्का न लागता जमत असेल तर. ‘जमवू’ म्हणालेत का? त्यात आणि यात एका माणसाच्या कामाचा फरक आहे.

मी निरुत्तर झाले. आत्याने ड्रॉवरमधून एक पाठकोरा कागद काढला, पट्टी घेतली आणि तीन उभे रकाने आखले. फर्स्ट, सेकंड, नाइट. म्हणाली, नवऱ्याच्या तिन्ही शिफ्टच्या आठवड्यांत सकाळी सहा ते दुपारी एक या वेळात घरात कोण असेल ते लिही. मी लिहायला लागले. नाइटच्या आठवड्यात तो सकाळी घरी परततो, मुलीला शाळेच्या व्हॅनमध्ये बसवू शकतो. सेकंडला तो सकाळभर घरीच. अडतं ते फर्स्टला. पहाटे पावणेसहाला कंपनीची बस येते, मलाही साडेसहाला निघावं लागणार, आणि मुलीची व्हॅन साडेसातला. तो एक तास कागदावर रिकामा राहिला. चौदा वर्षांच्या माझ्या सगळ्या अडचणी त्या दुपारी एका चौकोनात मावल्या. मनात त्या कितीतरी मोठ्या होत्या.

आत्या : आता हा चौकोन भर. मी नाही भरणार. आणि आणखी एक. तुझ्या मनात डेक्कनकडचं कुठलं तरी मोठं कॉलेज असणार.

मी : मेट्रोतून येताना फर्ग्युसनचीच आठवण येत होती. 1885 पासूनचं कॉलेज.

आत्या : असू दे. अठराव्या वर्षी कॉलेजचं नाव बघावं. चौतिसाव्या वर्षी बसचा नंबर बघावा. घरापासून अर्ध्या तासाच्या आत जे अनुदानित कॉलेज असेल, त्यातच फॉर्म भर. लांबच्या कॉलेजातली हजेरी पावसाळ्यात गळते.

‘यंदा नको’ म्हणून सुरू झालेली आत्या ‘फॉर्म कुठे भरावा’ इथपर्यंत आली होती. पण मत बदललं असं ती म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही.

रिकामा चौकोन आठवड्याभरात भरला. खालच्या मजल्यावरच्या एका ताईंची मुलगी त्याच व्हॅनने जाते. फर्स्टच्या आठवड्यात त्या माझ्या मुलीला घेऊन जातील, बदल्यात मी त्यांच्या मुलीचं गणित घेईन. नवऱ्याला मी तो कागदच दाखवला. त्याने बराच वेळ पाहिला आणि सेकंड शिफ्टच्या रकान्यात ‘डबा – मी’ असं लिहिलं. तोंडाने काही बोलला नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी टीसीसाठी लातूरला गेले. पुढच्या कॉलेजात जायला आधी मागच्या कॉलेजाच्या खिडकीवर उभं राहावं लागतं, हे मला नवीन होतं. 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्चाचं ओझं वाटलं नाही. ओझं कॉलेजच्या फाटकाशी वाटलं. क्लार्कने वर्ष विचारलं, कपाटाच्या खालच्या कप्प्यातून एक लांबलचक रजिस्टर काढलं, धूळ झटकली आणि बोट फिरवत फिरवत माझ्या नावाशी थांबला. माझं लग्नाआधीचं पूर्ण नाव होतं, निळ्या शाईत, वळणदार अक्षरात. त्यावर तांबडी आडवी रेघ होती. शेवटच्या रकान्यात त्याच तांबड्या शाईत दोन शब्द होते : सतत गैरहजर.

टीसी मिळाली. परतीच्या एसटीत साडेतीनशे किलोमीटर ते दोन शब्द माझ्याबरोबर होते. पुण्यात उतरले आणि घरी न जाता सरळ आत्याकडे गेले.

मी : मी गैरहजर नव्हते, आत्या. मार्चपर्यंत माझं एक लेक्चर चुकलं नव्हतं.

आत्या : माहीत आहे मला.

मी : मग असं का लिहितात?

आत्या : कारण दुसरं काही लिहायला जागा नसते. नाव कमी करताना काहीतरी कारण घालावंच लागतं. समोर विचारायला मुलगी नसते. तिचं लग्न झालेलं असतं, नाहीतर ती ऊसतोडीला गेलेली असते, नाहीतर बाप वारलेला असतो. क्लार्क काय लिहिणार? मी स्वतः किती मुलींच्या नावापुढे हे दोन शब्द लिहिले असतील, गणती नाही. तेव्हा हात थांबला नाही माझा.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग जे बोलली ते मला आजवर कुणी बोललेलं नव्हतं.

आत्या : तुझ्या लग्नाला मी पुण्याहून आले होते. एप्रिल महिना. रजा मंजूर करताना साहेब म्हणाले होते, ऐन परीक्षेत रजा कशी देऊ. म्हणजे परीक्षेचे दिवस आहेत हे मला पक्कं माहीत होतं. मांडवात चार दिवस होते मी. तुला हळद लावली. पण तुझी परीक्षा कधी आहे, हे मी दादाला विचारलं नाही. परीक्षा विभागातल्या बाईने विचारलं नाही, मग कोण विचारणार होतं? ‘यंदा नको’ म्हणाले ना मी त्या दिवशी, ते तुझ्यासाठी होतं तसं माझ्यासाठीही होतं. तू परत सुटलीस तर मला दुसऱ्यांदा बघावं लागलं असतं.

मी तिचा हात धरला. रागवावं असं मला काही वाटलं नाही. तिने न विचारलेला प्रश्न तेव्हा साऱ्या मांडवात कुणीच विचारला नव्हता, मीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गॅप सर्टिफिकेटसाठी नोटरीकडे गेलो. टायपिस्टकडे मजकूर तयारच होता : ‘घरगुती अडचणींमुळे मी सदर कालावधीत शिक्षण घेऊ शकले नाही.’ फक्त नाव, पत्ता आणि वर्षं भरायची. तो टाइप करणार एवढ्यात आत्या म्हणाली, थांबा, ही वाक्य बदलून देईल. आणि माझ्याकडे कागद सरकवला.

आत्या : हा एकच कागद असा आहे, ज्यातलं कारण तुला स्वतः लिहिता येतं. रजिस्टरमधलं आता बदलत नाही. हे तरी खरं लिही.

मी लिहिलं : ‘एप्रिल 2011 मध्ये माझा विवाह झाल्याने द्वितीय वर्ष कला शाखेच्या परीक्षेस मला बसता आले नाही. त्यानंतर 2025 पर्यंत संसार, अपत्याचे संगोपन व घरी शिवणकाम केले. या काळात अन्य कोठेही प्रवेश घेतलेला नाही.’ आत्याने वाचलं, ‘अन्य कोठेही’च्या पुढे ‘शैक्षणिक संस्थेत’ हे दोन शब्द घातले, आणि टायपिस्टला दिलं. सही करताना मी दोन्ही नावं लिहिली, आधी वडिलांकडचं, मग ‘विवाहानंतरचे नाव’ म्हणून नवऱ्याकडचं.

वाघोलीपासून पंचवीस मिनिटांवरच्या एका कॉलेजात मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा फॉर्म भरला आहे. गुणवत्ता यादी अजून लागायची आहे. नाव लागेल अशी आशा आहे. नाही लागलं तर दुसऱ्या यादीची वाट बघेन. आमच्या इमारतीतल्या तिघींना मी एवढंच सांगते : नव्या शहरात आल्या आल्या, फळ्या भरायच्या आत, तीन शिफ्टचा तो कागद आखा आणि रिकामा चौकोन शोधा. आणि एक माणूस शोधा. जूनमध्ये कौतुक करणारं नको, ते मिळतातच. दिवाळीच्या सुमाराला परीक्षेचा फॉर्म भरला का, हे विचारणारं हवं.

माझं माणूस ठरलं आहे.

आत्या : फॉर्म कधी निघतात ते मला कळव.

मी : आता खिडकी नसते, आत्या. परीक्षेचा फॉर्म फोनवर भरतात.

आत्या : मग फोन घेऊन माझ्यासमोर बस. शेवटच्या तारखेच्या आठ दिवस आधी ये. पैसे भरल्याची पावती मला दाखवल्याशिवाय फराळ मिळणार नाही.

तिने उठून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, ऑक्टोबरचं पान उघडलं आणि दिवाळीच्या आधीच्या रविवारभोवती निळ्या पेनने गोल केला.